खिशातून निसटलेली बोट

“वल्हव ना! हात काय घरी विसरून आलायस?” पाणबुडी ओरडली.

“हात आहेत, पण त्यांत जीव नाहीये!” शेपटाने वल्हं मांडीवर आडवं टाकलं. “पोटात एक बिस्किटसुद्धा नाही. ही सुट्टी आहे की शिक्षा?”

“दोघं गप्प बसा, आणि शेपटा, आधी जॅकेटचा पट्टा लाव,” ताई म्हणाली. ती होडीच्या मागच्या टोकाला बसून किनारा न्याहाळत होती. डोळे चुरचुरत होते. भल्या पहाटे मामीने हाक मारून उठवलं होतं. मामाची बोट पुन्हा जागेवर नव्हती!

मामाची बोट म्हणजे घराचा पोशिंदाच. रस्ता पोचत नाही अशा किनाऱ्यांवर मामा सहलीच्या लोकांना या बोटीतून न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. रात्री बोट राहायची ‘खिशा’त. डोंगराची दोन टोकं पुढे येऊन मधे पाण्याचा एक शांत तुकडा तयार झाला होता. बाहेर कितीही वारा असो, आत लाट म्हणून शिरायची नाही. शर्टाच्या खिशात पेन ठेवावं तशी तिथे बोट ठेवायची, म्हणून तो खिसा. हे नाव पाणबुडीने ठेवलं होतं. ती मामाची मुलगी, ताईपेक्षा वर्षाने लहान. निम्मा दिवस पाण्याखालीच असायची. शेपूट म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे मागे हजर, आणि मागून तक्रार चालूच.

आणि ताई? ती ताई होती, बस्स. सगळ्यांनाच. “ताई आहे ना, मग काळजी नाही,” असं मोठी माणसं म्हणायची आणि काळजी तिच्या हवाली करून मोकळी व्हायची. सुट्टीला आल्यापासून ती डोकी मोजत होती. पाण्यात उतरताना मोजायची, बाहेर आल्यावर मोजायची, खडकांवरून चालताना मोजायची. कधी कधी तिला झोपेतसुद्धा एक डोकं कमी भरायचं आणि ती दचकून जागी व्हायची.

“ती बघ!” पाणबुडी ताडकन उभी राहिली.

“खाली बस! होडी उलटवशील!”

शेजारच्या ‘चमचा’ नावाच्या पुळणीवर बोट कलंडून पडली होती. निळा रंग एका बाजूने खरवडून निघाला होता. पुढच्या टोकाला दोर तसाच होता, दोराला पाण्यावर तरंगणारा लाल बोया, बोयाला साखळी आणि साखळीच्या टोकाला सिमेंटचा भला मोठा ठोकळा! एखादं हट्टी वासरू खुंट्यासकट पळून यावं, तशी बोट सगळं बिऱ्हाड घेऊन आली होती.

“गाठ सुटलेली नाही,” पाणबुडी हळूच म्हणाली. “बाबांची गाठ कधी सुटतच नाही.”

मामा त्यांच्या आधीच डोंगरावरून चालत पोचला होता. त्याच्याजवळ बंदरावरचे साहेब उभे होते. बोट दिसल्याचं त्यांना कोणीतरी कळवलं होतं. मामाचे डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. तो बोटीवर हात ठेवून उभा होता, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

“पंधरवड्यात दुसऱ्यांदा,” साहेब म्हणाले. “ठोकळा हलका पडतोय तुमचा. बोटीला पुरत नाही.”

“साहेब, इतकी वर्षं हाच ठोकळा पुरलाय. बोट तीच, खिसा तोच.”

“मग आता का हलतो?”

मामाने नुसते खांदे उडवले.

“हे पाहा,” साहेबांचा आवाज कडक नव्हता, पण ठाम होता. “रात्री मोकळी भटकणारी बोट कोणाच्या तरी अंगावर जाईल. परवा संध्याकाळी परवाना घेऊन कचेरीत या. तोवर नीट कारण सापडलं तर ठीक. नाहीतर माणसं नेण्याचा परवाना मला काढून घ्यावा लागेल. माझाही नाइलाज आहे.”

साहेब गेले. मामा वाळूत बसला. “घेऊ दे काढून,” तो पुटपुटला. “निदान झोप तरी मिळेल.”

पाणबुडीने ताईकडे पाहिलं. बाबा असं बोलताना तिने कधीच ऐकलं नव्हतं.

भरती आल्यावर बोट पाण्यात ओढली आणि ठोकळा पुन्हा जागेवर टाकायला सगळे खिशात गेले. ताईने मामाला हे काम करताना पहिल्यांदाच पाहिलं. एवढ्या पाण्यात नेमकी जागा त्याला सापडणार कशी? वर काही खूण नाही, खाली काही दिसत नाही.

“किनाऱ्याकडे बघ,” मामा जांभई देत म्हणाला. “कड्यावर तो पांढरा डाग दिसतो? आणि त्याच्या वर ते वाकडं झाड?”

“दिसतं. पण झाड डागाच्या बरंच उजवीकडे आहे.”

“बोट सरकेल तसं झाडही सरकेल. बघत राहा.”

आणि खरंच की! बोट हळूहळू पुढे गेली, तसं झाड डागाकडे चालत आल्यासारखं दिसू लागलं आणि बरोबर डागाच्या डोक्यावर येऊन उभं राहिलं.

“ही एक जोडी. आता डावीकडे बघ. त्या सुळक्याआड दीपस्तंभ लपला पाहिजे. नुसता दिवा दिसेल, खांब नाही. ही दुसरी जोडी. दोन्ही जुळल्या की समजायचं, आपण जागेवर आहोत. सोडा!”

ठोकळा धपकन पाण्यात गेला. मामाने हे सगळं अर्धवट झोपेत केलं होतं, पण चूक नाही झाली.

“मामा, आपण कानकोपऱ्याला कधी जायचं?” शेपटाने विचारलंच. कानकोपरा म्हणजे सगळ्यांत लांबचा किनारा. दोन खडकांमधल्या फटीतून बोट आत घालावी लागते आणि आत म्हणे पाणी हिरव्या काचेसारखं! सुट्टी लागल्यापासून ठरत होतं आणि रोज पुढे जात होतं.

“शेपटा!” ताईने त्याला कोपराने ढोसलं.

“जाऊ रे,” मामा म्हणाला. “जरा डोळे उघडे राहायला लागले की जाऊ.”

त्या दिवशी मामाने सहल रद्द केली आणि बोट खिशातच ठेवून खरवडलेली बाजू तात्पुरती बुजवली. रात्री तो घरी आलाच नाही. बोटीतच झोपला, म्हणजे जागाच राहिला. बोट हलली नाही. सकाळी मामीने त्याच्या हातात चहा दिला, तर कप हातात धरूनच त्याचा डोळा लागला आणि चहा पायावर सांडला.

“असेच एक दिवस सुकाणूवर झोपतील,” मामी ताईला म्हणाली. ती पोळलेल्या पायावर पाणी ओतत होती. “बोटीत माणसं असतील. तू जा हो त्यांच्याबरोबर आज. बोलत राहा त्यांच्याशी.”

आणखी एक डोकं मोजायला आलं, ताईला वाटलं. मामाचं! पण ती गेली, आणि तिच्यामागे शेपूट आणि पाणबुडीही. दिवसभर मामाशेजारी बसून तिने शाळेतल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. त्या संपल्यावर पाढे म्हटले.

“पाढे नको गं,” मामा कळवळून म्हणाला. “पाढ्यांनी तर मला शाळेतसुद्धा झोप यायची!”

संध्याकाळी लोकांना धक्क्यावर उतरवून बोट खिशात शिरली. मामाने आकडी टाकून बोया जवळ ओढला आणि दोर बांधला. शेपूट कंटाळून पाय हलवत होता. ताई मागे बसून सवयीने किनाऱ्याकडे पाहत होती. काहीतरी खटकत होतं. काय बरं?

झाड!

“मामा, झाड डागावर नाहीये!”

“ओहोटी आहे. बोट बोयाभोवती फिरते थोडी.”

“थोडी नाही! झाड पार डावीकडे गेलंय. आणि हा बघ, दीपस्तंभाचा खांबसुद्धा दिसतोय. अख्खा!”

मामाने डोळे चोळून पाहिलं. मग पुन्हा चोळले. बोया त्याने स्वतःच टाकलेला, म्हणून रोज संध्याकाळी तो सरळ बोयापाशी यायचा आणि बांधून मोकळा व्हायचा. जागा शोधायची असते ती नवीन माणसाने. आपल्याच बोयाच्या खुणा परत कोण तपासतं?

“मी बघते!” पाणबुडीने चष्मा चढवला.

“कमरेला दोर बांध. मी धरते,” ताई म्हणाली.

“अगं, मी काय बकरी आहे?”

“दोर, नाहीतर उतरायचं नाही!”

पाणबुडी दोर बांधून उतरली. दोर सरसर गेला, थांबला, पुन्हा गेला. ताई मनातल्या मनात मोजत होती. अखेर डोकं वर आलं!

“तळावर चर पडलाय!” पाणबुडी धापा टाकत म्हणाली. “वाळूत लांबलचक चर! जड कपाट ओढत नेल्यावर जमिनीवर पडतो ना, तसा! आणि ठोकळा पार उताराच्या कडेला आहे. पुढे एकदम खोल!”

मामा मटकन खाली बसला. “असं आहे तर... उतारावर साखळी अपुरी पडते. भरती आली की बोट वर उचलली जाते आणि ठोकळा लोंबत राहतो. मग काय, वारा नेईल तिकडे.”

“पण ठोकळा कडेपर्यंत नेला कोणी?” शेपटाने विचारलं. “देवमाशाने?”

“सकाळी तो जागेवर होता,” ताई म्हणाली. “आता नाही. म्हणजे दिवसा, आपण बाहेर असताना, कोणीतरी ओढलाय.”

“मामा, चला, साहेबांना सांगू!” शेपूट म्हणाला.

“काय सांगणार? पोरांना तळावर चर दिसला?” मामाने पुन्हा जांभई दिली. “म्हणतील, ठोकळा हलका होता, सरकला. झालं. उद्या सहलीची माणसं आहेत, त्यांना नाही म्हणता येत नाही. मला राखण करत बसता येत नाही. आधी हा ठोकळा जागेवर नेऊ या. चला, दोर धरा.”

पुन्हा तेच. झाड, डाग, सुळका, दीपस्तंभ. पुन्हा रात्रभर मामा बोटीत. ताई अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करत होती. तिची पाठ मोडून आली होती, हातांना दोराचे वळ उठले होते आणि तरीही झोप येत नव्हती.

सकाळी निघताना मामाने डांबराचा डबा पुढे केला. “बोयाच्या वरचा दोराचा फास झिजलाय. डांबर लावून ठेवा. संध्याकाळी मी येईपर्यंत वाळेल. होडी खिशाच्या बाहेर न्यायची नाही, कळलं?”

“आणि जॅकेट काढायचं नाही,” ताईने वाक्य पूर्ण केलं.

बोट निघून गेल्यावर तिघं छोट्या होडीतून बोयाजवळ गेली. फास खरंच झिजला होता. ताईने तो हातात घेतला आणि थबकली.

“हे काय? मामाचा दोर तर तपकिरी आहे.”

फासाच्या पिळात पांढरेशुभ्र धागे अडकले होते. मऊ, चकचकीत.

“असला दोर इथे कोणाकडेच नाही,” पाणबुडी म्हणाली. “महाग असतो. आणि पांढरा दोर कोण वापरेल? एका दिवसात मळेल!”

“कडकइस्त्री!” शेपूट किंचाळला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

“अरे, ती नवीन लाँच! हॉटेलवाल्यांची! सगळं पांढरं. लाँच पांढरी, खुर्च्या पांढऱ्या, आणि तो कप्तान, बसला तर पँटची घडी मोडेल म्हणून दिवसभर उभा राहणारा! त्याचे दोरसुद्धा पांढरे आहेत. मी धक्क्यावर पाहिलेत. हात लावला तर ओरडला माझ्यावर!”

“शेपटा,” ताई म्हणाली, “तू कधी कधी उपयोगी पडतोस!”

याच महिन्यात आलेली ती लाँच. मामाच्या बोटीच्या चौपट तरी. तिने मामाच्या बोयाला स्वतःला बांधून घेतलं आणि वर वारा लागला, तर ठोकळा सरकेल नाहीतर काय!

“पण त्यांच्याकडे स्वतःचा नांगर आहे की!” पाणबुडी म्हणाली. “आणि सिद्ध कसं करायचं? हे चार धागे दाखवून?”

शेपटाने लगेच बेत मांडला. “सोप्पं! बोया ठोकळ्यापासून सोडवायचा आणि खाली नुसती वाळूची पिशवी बांधायची! लाँच बांधतील आणि वाहत वाहत जातील. मज्जा!”

“मज्जा?” ताईचा आवाज चढला. “त्या लाँचमध्ये लोक असतात. पोहायला उतरलेले असतात. तुझ्याएवढी मुलं असतील. लाँच त्यांच्यापासून लांब वाहत गेली तर? खडकावर गेली तर? कोणाला काही झालं तर परवाना गेला तरी चालेल, शेपटा, पण ते चालणार नाही!”

शेपटाचा चेहरा पडला. “मी आपलं सुचवलं.”

ताईला एकदम फार दमल्यासारखं झालं. सगळ्यांना मजा सुचते आणि आपल्याला फक्त काय काय वाईट होईल तेवढंच सुचतं. तिने हातातल्या डब्याकडे पाहिलं. आणि पाहतच राहिली.

“डांबर तर लावायचंच आहे,” ती सावकाश म्हणाली. “मामाने सांगितलंय. फक्त आत्ता नको. जरा उशिरा लावू. लाँच यायच्या थोडं आधी.”

पाणबुडीच्या डोळ्यांत चमक आली. “ओलं डांबर... आणि कडकइस्त्री!”

“कोणाला लागणार नाही, कोणी बुडणार नाही. फक्त कपडे जातील.”

मग कामाला हात लागले. घरून एक रिकामी पाण्याची बाटली आणली, तिला दोरी बांधली, दोरीला दगड. झाड डागावर, दीपस्तंभ सुळक्याआड, अशी जागा जुळवून दगड बोयाच्या शेजारीच सोडला. आता बोयाच्या जवळ बाटली तरंगत होती. बोया सरकला तर बाटली तिथेच राहणार! ऊन डोक्यावर येऊ लागलं तसं शेपटाने फासाला डांबर फासलं. फासलं म्हणजे थापलंच. नाकालाही थोडं लावून घेतलं.

मामीने शिदोरी दिली, ती घेऊन तिघं डोंगराच्या टोकावर झुडपांमागे बसली. पाव, उकडलेली अंडी, एक काकडी. ऊन तापलं होतं. पाणबुडी पालथी पडून पेंगायला लागली. ताईच्या पापण्या मिटत होत्या. तिने काकडीची चकती डोळ्यांवर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

“नाही येणार ते,” शेपूट म्हणाला. “आपलं नशीबच असलं.”

आणि तेवढ्यात गाणी ऐकू आली. ढँचिक ढँचिक ढँचिक! पांढरी लाँच डौलात खिशात शिरली. पुढच्या टोकाला पांढऱ्या कपड्यांत कडकइस्त्री उभा. एका हातात आकडी, दुसऱ्या हातात पांढरा दोर.

“खाली वाक!” ताईने शेपटाची मान दाबली.

कडकइस्त्रीने आकडी टाकली. फास वर ओढला. त्यातून दोर ओवला. आणि...

“अरे! अरेरे! हे काय आहे? छी! पुसा, पुसा! डेकवर नको! डेकवर नको पाडू!”

त्याने हात पँटला पुसले. मग पँटकडे पाहिलं. मग टोपी सरळ करायला हात डोक्याला लावला! झुडपांमागे पाणबुडीने स्वतःचं तोंड शिदोरीच्या फडक्यात खुपसलं. शेपूट पोट धरून गडबडा लोळत होता. ताईसुद्धा हसली. किती दिवसांनी, तिलाच आठवेना.

पण लाँच बांधून ठेवलेलीच होती. लोक पाण्यात उतरले, वर जेवण सुरू झालं, गाणी चालूच. दुपारचा वारा सुटला आणि लाँच मागे मागे रेलू लागली. बोया बाटलीपासून हातभर गेला. मग दोन हात. मग चांगला एका खोलीच्या लांबीइतका.

“ओढतायत! बाबांचा ठोकळा ओढतायत!” पाणबुडी उठली. “मी जाऊन सोडवते!”

“मुळीच नाही! खाली पंखा आहे लाँचचा!” ताईने तिचा दंड घट्ट धरला. “इथूनच ओरडू.”

तिघं कड्यावर उभी राहिली आणि घसा फुटेस्तोवर ओरडली. “ओ काका! बोया सोडा! ठोकळा सरकतोय!”

कडकइस्त्रीने वर पाहिलं. टोपीवर काळी पाच बोटं! “ए पोरांनो, पळा इथून! समुद्र काय तुमच्या बापाचा आहे?”

“समुद्र नाही, पण बोया माझ्याच बापाचा आहे!” पाणबुडी गरजली.

कडकइस्त्रीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि गाण्यांचा आवाज वाढवला.

लाँच निघून गेली तेव्हा बोया उताराच्या कडेपाशी पोचला होता. बाटली आपली एकटीच जुन्या जागी डुलत होती.

“चला कचेरीत!” ताई म्हणाली. “मामा तिथेच येईल.”

डोंगर उतरून, धक्क्यावरून, जाळ्यांच्या ढिगांमधून तिघं निघाली. धावायचं ठरलं होतं, पण पाय उचलत नव्हते. शेपटाच्या चपलेचा अंगठा तुटला. ताईने त्याला पाठुंगळी घेतलं. दहा पावलांतच तिचा जीव मेटाकुटीला आला, पण तिने खाली ठेवलं नाही.

बंदराची कचेरी म्हणजे एकच खोली. करकरणारा पंखा, भिंतीवर समुद्राचा डागाळलेला नकाशा, कोपऱ्यात गंजके नांगर. मामा बाकावर बसला होता, हातात परवान्याची प्लास्टिकची पिशवी. शेजारी मामी. साहेबांनी हात पुढे केला होता.

“थांबा!” ताई दारातूनच म्हणाली. “देऊ नको मामा! साहेब, ठोकळा हलका नाहीये! तो ओढला जातो! पांढरी लाँच...”

“एक मिनिट, बाळ,” साहेब म्हणाले. “कोणी पाहिलं?”

“आम्ही!”

“तुम्ही.” साहेबांनी सुस्कारा सोडला. मामासारखेच तेही दमलेले दिसत होते. “हे बघ, तुमचा मामा आहे. तुम्ही त्याच्या बाजूने बोलणारच. मी तुमच्या शब्दावर लाँचवाल्यांना कसा दोष देऊ? उद्या ते म्हणतील, आम्ही त्या बाजूला फिरकलोच नाही. मग?”

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सगळं करून...

धाडकन दार उघडलं.

“साहेब! तक्रार आहे माझी!” कडकइस्त्री आत आला. आता त्याला कडक म्हणवत नव्हतं आणि इस्त्रीही उरली नव्हती. पँटवर काळे पट्टे, टोपीवर पंजा, गालावर एक ओघळ. “हा घातपात आहे! बोयाच्या दोराला कोणीतरी मुद्दाम डांबर फासलंय! माझा दोर गेला, डेक गेला, ही पँट गेली!”

साहेबांनी मामाकडे पुढे केलेला हात मागे घेतला. “कुठल्या बोयाच्या दोराला?”

“तो आतल्या बाजूचा! लाल!”

“तो तर यांचा आहे.”

“असेल! मोकळा होता, म्हणून बांधतो आम्ही. रोज बांधतो! पण आजपर्यंत कधी डांबर...”

कडकइस्त्री बोलता बोलता थांबला.

“रोज बांधता,” साहेब म्हणाले. “एवढी मोठी लाँच. एवढ्याशा बोटीच्या बोयाला.”

“म्हणजे... पाहुण्यांना जेवायला स्थिर जागा लागते ना.”

“तुमच्या लाँचवर नांगर नाही?”

“आहे की! पण नांगर वर घेतला की तळाचा चिखल येतो. पांढऱ्या डेकवर डाग पडतात.” हे तो अगदी विनवणीच्या सुरात म्हणाला, जणू काही खोलीतल्या सगळ्यांना हे पटणारच होतं.

शेपटाला राहवलं नाही. “आता पडले ना पण डाग?”

“शेपटा!” मामी म्हणाली, पण तिचा आवाज हसण्याने फुटला.

साहेब उठले. “चला. तिघांनी मला जागा दाखवा. आणि कप्तान, तुम्हीही चला. नाही, खुर्चीत बसू नका. डांबर लागेल.”

ऊन उतरत होतं. डोंगराच्या टोकावरून खिसा पूर्ण दिसत होता. इकडे बाटली, आणि तिकडे, कितीतरी दूर, लाल बोया. ताईने झाड आणि डाग दाखवला, दीपस्तंभ आणि सुळका दाखवला. पाणबुडीने पांढरे धागे दिले. साहेबांनी ते कडकइस्त्रीच्या खांद्यावरच्या दोराच्या वेटोळ्याशेजारी धरले. रंग तोच, चकाकी तीच.

“ठोकळ्याकडे बोट दाखवून मी मोकळा झालो,” साहेब म्हणाले. “बोया कुठे होता आणि कुठे गेला, ते पाहिलंच नाही.” मग ते कप्तानाकडे वळले. “उद्यापासून स्वतःचा नांगर टाकायचा. यांच्या बोटीची खरवडलेली बाजू तुमच्या हॉटेलने दुरुस्त करून द्यायची. आणि आत्ता, या पोरांच्या देखत, तो ठोकळा तुमच्या लाँचने उचलून जागेवर आणायचा. चिखलासकट!”

कडकइस्त्रीने मुकाट्याने मान हलवली.

पाणबुडी आता लाँचच्या टोकाशी उभी राहून कप्तानाला हुकूम देत होती. “अजून डावीकडे! झाड कुठे आहे बघा! अहो, डागावर, डागावर!” ताई मागे बसली होती. तिने काहीच केलं नाही. नुसती बसली.

ठोकळा जागेवर पडल्यावर सगळे कचेरीत परतले. साहेबांनी दार ढकललं आणि एकदम ओठांवर बोट ठेवलं.

मामा बाकावर बसल्या बसल्या झोपला होता. मान मामीच्या खांद्यावर, तोंड उघडं, हातात अजून परवान्याची पिशवी. मामी जराही न हलता बसली होती. तिचा खांदा नक्कीच बधिर झाला असणार.

साहेबांनी चवड्यांवर चालत जाऊन पंखा थोडा वाढवला. तो करकरला, तसा त्यांनी पुन्हा कमी केला. मग ते मुलांकडे वाकले.

“शाब्बास,” ते कुजबुजले. “काय डोकी आहेत तुमची! मी आयुष्यभर बंदरावर काम केलं, पण गुन्हेगार स्वतःची तक्रार घेऊन आलेला आजच पाहिला. हे सगळं कोणी ठरवलं?”

“ताईने,” पाणबुडी कुजबुजली.

“डांबर मी लावलं,” शेपूट कुजबुजला, जरा मोठ्यानेच.

“ते तुझ्या नाकावरून कळतंच आहे!”

मामीने मोकळा हात पुढे करून ताईला जवळ ओढलं. “परवाना राहिला ते बरंच झालं,” ती तिच्या कानात म्हणाली. “पण माझा जीव या झोपेत अडकला होता गं. बघ कसे झोपलेत.”

“कानकोपऱ्याला कधी जायचं?” शेपटाने हळूच विचारलं.

झोपेतच मामाचे ओठ हलले. “उद्या,” तो पुटपुटला. “उशिरा.”

ताईला हसू आलं. ती मामीच्या दुसऱ्या बाजूला टेकली. पाणबुडी तिच्याशेजारी, शेपूट जमिनीवर, पायांशी. सवयीने ताईची नजर फिरली. शेपूट एक, पाणबुडी...

“तू नको,” मामी म्हणाली आणि तिने ताईचे डोळे तळहाताने झाकले. “आज मी मोजते.”

ताईला आकडे ऐकू आले की नाही, कोण जाणे. मामी तिच्यापर्यंत पोचायच्या आतच तिला झोप लागली होती.